टाओयाटेडूटाने हो का म्हटलं? १८६२च्या दाकोता युद्धातला एक निर्णय

१७ ऑगस्ट १८६२ हा रविवार होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा नदीकाठच्या रेडवुड एजन्सीवर, म्हणजे दाकोतांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी ठाण्यावर, त्या सकाळी नेहमीसारखी प्रार्थना झाली. पाद्री सॅम्युअल हिनमन यांच्यासमोर बसलेल्या दाकोतांमध्ये, म्हणजे त्या भागातल्या मूळ रहिवाशांमध्ये, त्यांचा एक पुढारी टाओयाटेडूटाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच एजन्सीवर त्याच्या माणसांनी हल्ला केला. हिनमन कसेबसे नदीपार निसटले आणि फोर्ट रिजलीला पोहोचले. मधल्या रात्री या माणसाने एका युद्धाला हो म्हटलं. हे युद्ध आपण हरणार, हे त्याने हो म्हणण्याआधी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

इथे अभ्यासाला घेतलंय ते हे 'हो'.

इंग्रजी पुस्तकांत तो 'लिटल क्रो' म्हणून भेटतो. ते नाव खरं तर त्याचं नाही. आजोबांच्या नावाचा व्यापाऱ्यांनी केलेला ढोबळ अनुवाद घराण्याला चिकटला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. टाओयाटेडूटा याचा अर्थ साधारण 'त्याचे लाल लोक' असा होतो. इंग्रजीतल्या 'चीफ' या शब्दानेही असाच घोळ होतो. मराठीत आपण त्याचा 'सरदार' किंवा 'टोळीप्रमुख' करतो आणि लगेच डोळ्यांसमोर हुकूम सोडणारा माणूस उभा राहतो. दाकोतांचा 'इतांचान' असा नव्हता. तो बोले, समजावे, खाऊपिऊ घाले, तंटे मिटवे. त्याचं पटलं तर लोक मागे येत, नाही पटलं तर येत नसत. शिकारीच्या किंवा लढाईच्या वेळी शिस्त लावायचा अधिकार योद्ध्यांच्या मंडळाकडे, म्हणजे तियोतिपीकडे असे. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं काहीच नीट कळणार नाही.

मनगटं

त्याचा जन्म १८१०च्या आसपास कापोसियाला झाला. आजच्या सेंट पॉल शहराला लागून, मिसिसिपीच्या काठी मडेवाकांटन दाकोतांचं हे गाव होतं. तरुणपणी तो बराच काळ गावाबाहेर, पश्चिमेकडच्या दाकोतांमध्ये राहिला. १८४५मध्ये वडील स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून गेले आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. १८४६च्या वसंतात टाओयाटेडूटा नदीवाटे परतला तेव्हा सावत्र भाऊ काठावर बंदुका घेऊन उभे होते. परत जा, नाहीतर मारू, असं त्यांनी सुनावलं. तो छातीवर हातांची घडी घालून पुढे झाला, असं सांगतात. गोळी दोन्ही हातांतून आरपार गेली. फोर्ट स्नेलिंगच्या लष्करी डॉक्टरने हात कापायला सांगितले. तो नाही म्हणाला आणि आपल्या वैदूंकडे गेला. तो वाचला, पण मनगटं वाकडी झाली ती कायमची. पुढे तो लांब बाह्यांचे कपडे घालायचा. गावाने मात्र निकाल तिथेच लावला. गोळी झेलून उभा राहणारा पुढारी झाला आणि गोळी घालणारे भाऊ मारले गेले.

पुढारपण जिवावर उदार होऊनच मिळतं, हा धडा तो या घटनेतून शिकला असावा. हे माझं अनुमान आहे, पण पुढे दोनदा तो तसाच वागलेला दिसतो.

पहिली खेप १८५१ची. त्या उन्हाळ्यात अमेरिकी सरकारने दाकोतांशी दोन करार केले. सिसेटन आणि वाहपेटन शाखांशी जुलैत ट्रॅव्हर्स द सू इथे, मडेवाकांटन आणि वाहपेकुतेंशी ऑगस्टमध्ये मेंडोटा इथे. दोन्ही मिळून सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन गेली. बदल्यात मिनेसोटा नदीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मैलांची पट्टी आणि पन्नास वर्षं वर्षासन. मेंडोटाला तरुणांनी धमकी दिली होती की पहिली सही करेल त्याला ठार करू. वाबाशासारखे जुने पुढारी मागेपुढे करत होते. सही आधी केली ती टाओयाटेडूटाने. मारायचं तर मारा, माणूस एकदाच मरतो, अशा अर्थाचं काही तो तेव्हा बोलला.

तो मूर्ख नव्हता आणि विकला गेलेलाही नव्हता. जमीन नाहीतरी जाणार, मग बोलून जितकं हाती लागेल तितकं घ्यावं, हा त्याचा हिशेब होता. दहा-अकरा वर्षं त्याने हाच हिशेब चालवला. १८५४ला तो वॉशिंग्टनला जाऊन आला आणि १८५८ला पुन्हा गेला. तो उत्तम वक्ता होता. गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर बसायची-बोलायची रीत त्याला ठाऊक होती. सरकार कसं चालतं हे त्याच्याइतकं जवळून पाहिलेले दाकोता फारच थोडे होते.

पण दर खेपेला हाती कमीच लागलं. १८५१च्या करारातली राखीव जमिनीची हमी सिनेटने परस्पर गाळली, आणि ती पट्टी दाकोतांकडे राहिली ती केवळ राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर. १८५८ला वॉशिंग्टनमध्ये महिनोन्‌महिने बसवून ठेवून नदीच्या उत्तरेची अर्धी पट्टी लिहून घेतली. तिची किंमत सिनेटने दोन वर्षांनी ठरवली, एकरी ३० सेंट. मडेवाकांटनांच्या वाट्याला आलेली जवळजवळ सगळी रक्कम व्यापाऱ्यांच्या उधारीत वळती झाली. लोकांनी त्याचा दोष कोणाला दिला असेल, हे सांगायला नको. १८६२मध्ये मडेवाकांटनांनी आपला प्रवक्ता निवडला तेव्हा टाओयाटेडूटा पडला. ट्रॅव्हलिंग हेल नावाने ओळखला जाणारा दुसरा पुढारी निवडून आला.

म्हणजे त्या ऑगस्टमध्ये आपल्यासमोर असलेला माणूस पन्नाशी ओलांडलेला, मनगटं मोडलेला आणि निवडणूक हरलेला आहे. सरकारने दिलेल्या लाकडी घरात तो राहतो. चर्चला जातो, पण त्याने ना बाप्तिस्मा घेतलाय ना केस कापलेत. शेती करणाऱ्या दाकोतांना तो पुरता आपला वाटत नाही, आणि शिकार न सोडणाऱ्या तरुणांना तो जमीन विकणारा वाटतो.

उधारीची वही

वर्षासन सोन्याच्या नाण्यांत यायचं, एरवी जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला. १८६२ला ते आलंच नाही. यादवी युद्ध चालू होतं, आणि पैसे सोन्यात द्यायचे की नव्या कागदी नोटांत, यावर वॉशिंग्टनमध्ये घोळ चालला होता. आदल्या वर्षीचं मक्याचं पीक किडीने खाल्लं होतं. या वर्षीचं चांगलं होतं, पण अजून उभं होतं, कापणीला आलेलं नव्हतं. हिवाळ्यात लोकांची उपासमार झाली होती. एजन्सीच्या कोठारात धान्य होतं. एजंट थॉमस गालब्रेथ वर्षभरापूर्वी नेमला गेलेला. धान्य आणि पैसे एकदमच वाटायचे, हा नियम त्याने धरून ठेवला होता. ४ ऑगस्टला वरच्या, म्हणजे यलो मेडिसिन एजन्सीवर सिसेटन-वाहपेटनांनी कोठार फोडलं. लेफ्टनंट टिमथी शीहान याने तोफ रोखली, पण गोळी न चालवता बोलणी घडवून आणली आणि काही धान्य सोडायला लावलं. तिथे निभावलं.

खालच्या, म्हणजे रेडवुड एजन्सीवर तसं निभावलं नाही. वर्षासनाच्या दिवशी व्यापारी वही घेऊन मेजाशेजारी बसे. दाकोताच्या नावाने जितकी उधारी लिहिलेली असेल तितकी आधी कापून घेई. उधारी खरी की खोटी हे तपासायला दाकोतांकडे दुसरी वही नव्हती. त्या उन्हाळ्यात तरुणांच्या तियोतिपीने व्यापाऱ्यांचा हा हक्क मोडून काढायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी उलट उधारीच बंद केली. अँड्र्यू मायरिक हा त्यांतला एक. भुकेले असतील तर गवत खाऊ दे, असं तो म्हणाला. नेमकं कुठल्या बैठकीत आणि कोणत्या शब्दांत, यावर इतिहासकारांत वाद आहेत. पण हे शब्द दाकोतांच्या कानी पोहोचले होते यात वाद नाही, कारण महिन्याभरात ते टाओयाटेडूटाच्या पत्रातच आले. मायरिक पहिल्याच दिवशी मेला. त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं सापडलं.

आणि सोनं? ७१,००० डॉलरची सोन्याची नाणी १८ ऑगस्टला दुपारच्या सुमाराला फोर्ट रिजलीत पोहोचली. तोवर एजन्सी जळत होती. दर वेळी हे वाचताना मी इथे थांबतो. सोनं एक दिवस आधी आलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न टाळता येत नाही. पण त्याच्या आहारीही जाऊ नये. त्या नाण्यांचाही मोठा वाटा वहीतच गेला असता.

रात्र

त्या रविवारी ॲक्टन नावाच्या वस्तीजवळ शिकारीहून परतणाऱ्या चार तरुण दाकोतांनी पाच गोऱ्या वसाहतकारांना मारलं. त्यांत दोन स्त्रिया होत्या. सुरुवात कुंपणाशी सापडलेल्या कोंबडीच्या अंड्यांवरून झाली, असं सगळे सांगतात. अंडी उचलू का नको, घाबरतोस का, मी नाही घाबरत, तू दाखव. भित्रा म्हणवून घ्यायचं नाही, एवढ्यावरून पाच माणसं मेली. चौघं राइस क्रीकच्या वस्तीचे, आणि ही वस्ती सगळ्यांत कडव्यांची. चौघं घोडे पळवून गावी आले. त्यांच्या पुढाऱ्याने, रेड मिडल व्हॉइसने, त्यांना शाकोपी या दुसऱ्या पुढाऱ्याकडे नेलं आणि शाकोपीने सगळ्यांना टाओयाटेडूटाच्या दारात आणलं. वाबाशा, वाकुते, ट्रॅव्हलिंग हेल यांनाही बोलावणं गेलं. ते तिघं युद्धाच्या विरोधात होते.

टाओयाटेडूटाचं पहिलं उत्तर कडवट होतं, असं सांगितलं जातं. माझ्याकडे का आलात? प्रवक्ता निवडलात ना, त्याला विचारा. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. पुढच्या भाषणाला इतिहासाने महाकाव्याचं रूप दिलंय, पण हे उत्तर मात्र निवडणूक हरलेल्या माणसाचं आहे. आतलं दुखणं त्यात उघड दिसतं.

मग कोणीतरी त्याला भित्रा म्हणालं. त्याने त्या माणसाच्या डोक्यावरची गरुडाची पिसं हिसडून जमिनीवर फेकली आणि तो बोलला. हे भाषण त्याच्या मुलाच्या, वोविनापेच्या आठवणीतून पुढे इंग्रजीत उतरलं. उतरवणारा हौशी कवी होता, तेव्हा शब्दाशब्दावर भार टाकू नये. आशय मात्र विश्वास ठेवण्यासारखा आहे. रानरेड्यांचे कळप गेले, आपण इथे तिथे उरलेली चार-दोन डोकी. गोरे टोळधाडीसारखे आहेत. एक मारा, दहा मारा, मागून त्याच्या दहापट येतील. ते आपसात लढताहेत म्हणून हुरळू नका. तुम्ही पोरं आहात, कडाक्याच्या थंडीत भुकेले लांडगे सशांना फाडतात तसे मराल. आणि शेवटी: टाओयाटेडूटा भित्रा नाही, तो तुमच्याबरोबर मरेल.

पहाटे हल्ल्याचा हुकूम सुटला.

बहुतेक वर्णनं इथे निर्णय उलगडल्यासारखी थांबतात. भित्रा म्हटलं, स्वाभिमान दुखावला, हो म्हणाला. मला हे पटत नाही. भित्रा म्हटल्यावर अंड्यांवरून माणसं मारणारी पोरं वेगळी आणि वॉशिंग्टनला दोनदा जाऊन आलेला हा माणूस वेगळा. मेंडोटाला त्याने जिवाची धमकी असताना लोकांच्या मनाविरुद्ध सही केलीच होती. नाही म्हणायची धमक त्याच्यात होती. तर मग या वेळी नाही का म्हटलं नाही?

पर्याय काय होते

त्या रात्री दोन-तीन वाटा होत्या. चौघांना सरकारच्या हवाली करणं ही पहिली. कागदावर हीच शहाणपणाची. पण पाच वर्षांपूर्वीचं एक प्रकरण टाओयाटेडूटाला तोंडपाठ होतं. १८५७च्या मार्चमध्ये इंकपाडुटा नावाच्या, कुठल्याच करारात नसलेल्या वाहपेकुते पुढाऱ्याच्या टोळीने आयोवातल्या स्पिरिट लेकजवळ वसाहतकारांची कत्तल केली. लष्कराला तो सापडेना. तेव्हा सरकारने करारवाल्या दाकोतांना सांगितलं, त्याला तुम्ही पकडून आणा, तोवर वर्षासन बंद. ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांची भाकरी अडवली. शेवटी शंभरेक माणसं घेऊन शोधाला गेला तो टाओयाटेडूटाच. त्याने इंकपाडुटाची काही माणसं मारली, आणि मग पैसे सुटले. एका टोळीच्या गुन्ह्याची शिक्षा सरकार सगळ्यांना देतं, हे त्याला ऐकून माहीत नव्हतं, त्याने ते अंगावर घेतलं होतं. आता तर मेलेल्यांत गोऱ्या बायका होत्या. चौघांना बांधून दिलं तरी सरकार तिथे थांबेल, असं त्याने कशाच्या जोरावर मानावं? आणि त्यांना बांधणार कोण? इतांचानकडे पोलिस नव्हते.

वाबाशासारखं बाजूला राहायचं, ही दुसरी वाट. मागे वळून पाहिलं तर तिचा निकाल बरा वाटतो, पण थोडासाच. वाबाशाचे लोकही शेवटी फोर्ट स्नेलिंगच्या छावणीत आणि तिथून क्रो क्रीकला हाकलले गेले. करार रद्द झाले ते सगळ्यांचे, लढलेल्यांचे आणि न लढलेल्यांचेही. सिसेटन-वाहपेटनांतले पुष्कळजण युद्धाच्या विरोधात होते. त्यांना १८६७च्या नव्या कराराने लेक ट्रॅव्हर्सला जमीन मिळाली, हे मात्र नोंदवायला हवं. बाजूला राहण्याला अगदीच फळ नव्हतं असं नाही.

पश्चिमेला माळरानावर निघून जाणं ही तिसरी. ऑगस्टमध्ये, धान्याशिवाय, बायकापोरांसह. पीक शेतात उभं असताना.

माझं म्हणणं असं, की त्या रात्री खरा प्रश्न युद्ध करायचं की नाही हा उरलाच नव्हता. राइस क्रीकची माणसं त्याच्याशिवायही लढलीच असती. युद्ध कोणाच्या हाती राहील, एवढाच प्रश्न होता. अकरा वर्षं वाटाघाटींवर लावलेली पत संपली होती. नाही म्हटलं असतं तर तो ट्रॅव्हलिंग हेलच्या मागे बसलेला आणखी एक माजी पुढारी झाला असता. हो म्हटल्याने तो पुन्हा इतांचान झाला. यात स्वार्थ होता का? होता. युद्धात स्वतः लढलेला वामडिटांका, म्हणजे बिग ईगल, याने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत ही बाजू स्पष्ट येते: १८५८च्या जमिनीचा दोष लिटल क्रोवर होता आणि गेलेलं वजन त्याला परत हवं होतं. मला हे खरं वाटतं आणि 'तुमच्याबरोबर मरेन' हेही खरं वाटतं. एका माणसाच्या मनात एका रात्रीत दोन्ही असायला काही हरकत नाही.

न ऐकणारं सैन्य

पण युद्ध हाती घेतलं म्हणून ते हाती राहिलं नाही.

१८ तारखेला एजन्सी पडली. मदतीला निघालेला कॅप्टन जॉन मार्श ४६ सैनिक आणि एक दुभाष्या घेऊन रेडवुडच्या तरीपाशी सापळ्यात सापडला. निम्मी माणसं मेली आणि मार्श नदीत बुडाला. त्याच दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत नदीकाठच्या वस्त्यांवर टोळ्या फिरल्या. शेतावरची माणसं, बायका, मुलं मारली गेली. त्यांत जर्मन स्थलांतरित पुष्कळ होते. बहुतेकांच्या हाती शस्त्र नव्हतं. सगळ्या युद्धातल्या वसाहतकारांच्या मृत्यूचे अंदाज चारशेपासून आठशेपर्यंत जातात. हे टाओयाटेडूटाने योजलं नव्हतं, असं म्हणून त्याला सोडवता येत नाही. कुठे काय पेटेल हे ठाऊक असताना त्याने पहाटेचा हुकूम दिला होता.

१९ तारखेची सकाळ मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते. फोर्ट रिजली हा नावाचाच किल्ला. ना तट, ना बुरूज. माळावर चौकाभोवती बांधलेल्या काही इमारती आणि तीन बाजूंना घळी. मार्शची तुकडी संपल्यामुळे आत मूठभर माणसं होती. टाओयाटेडूटाचं म्हणणं होतं, आधी किल्ला. तो पडला की नदीचं खोरं मोकळं. किल्ल्यातून दुर्बिणीने दिसेल इतक्या अंतरावर दाकोतांची सभा भरली. तरुणांना न्यू उल्म हवं होतं. गावात दुकानं होती, लूट होती, तोफा नव्हत्या. सभेने त्याचं ऐकलं नाही. बरेचजण न्यू उल्मकडे गेले आणि तिथून हात हलवत परतले. त्याच दिवशी शीहानची तुकडी आणि आणखी स्वयंसेवक किल्ल्यात शिरले. २० तारखेला तो किल्ल्यावर गेला तेव्हा आत सुमारे १८० लढणारे होते आणि सार्जंट जॉन जोन्सच्या तोफा सज्ज होत्या. २२ला त्याहून मोठा हल्ला झाला, पण पावसाने छपरं भिजली होती, पेटते बाण विझले आणि घळीतून वर येणाऱ्यांना तोफांनी परतवलं. २३ला न्यू उल्मवर दुसरा हल्ला झाला. निम्म्याहून अधिक गाव जळलं, पण पडलं नाही. तिथला बचाव चार्ल्स फ्लँड्रो याने केला. इंकपाडुटाच्या वेळी दाकोतांचा एजंट होता तोच हा. फ्लँड्रोचं नाव लक्षात राहू द्या.

नेतृत्वावरच्या व्याख्यानांत 'योग्य निर्णय' या शब्दाला फार भाव असतो. १९ तारखेला टाओयाटेडूटाचा निर्णय अगदी योग्य होता. तो चालला नाही, एवढंच. १७च्या रात्री त्याने हो म्हणून पुढारपण परत मिळवलं होतं, पण ते 'लोक म्हणतील तसं करेन' या अटीवर. तीच अट आता त्याच्या आड आली.

२ सप्टेंबरला बर्च कूली इथे दाकोतांनी लष्कराच्या तुकडीला वेढून मोठा विजय मिळवला, तेव्हा तो तिथे नव्हताच. तो दुसरीकडे बिग वुड्स नावाच्या जंगलपट्ट्याच्या दिशेने निघाला होता, आणि त्या वाटेवरही त्याची माणसं फुटून दोन गट झाले.

पत्रं

लष्कराची सूत्रं हेन्री सिबलीकडे होती. सिबली हा जुना कातडी-व्यापारी, पुढे राज्याचा पहिला गव्हर्नर, आणि टाओयाटेडूटाच्या जुन्या ओळखीचा. बर्च कूलीच्या मैदानात त्याने एक खुंटी रोवली आणि तिला सिगारच्या डबीत चिठ्ठी घालून ठेवली: काही सांगायचं असेल तर माणूस पाठव.

उत्तर ७ सप्टेंबरला गेलं. टाओयाटेडूटाने सांगितलं आणि मिश्र वंशाच्या कॅम्पबेलने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. हे युद्ध का सुरू झालं ते सांगतो, असं पत्र सुरू होतं. मग एजंट गालब्रेथचं नाव येतं, मग व्यापाऱ्यांची, मायरिकचं आणि त्याच्या गवताचं. आपल्याकडे पुष्कळ कैदी आहेत, हेही. ना धमकी, ना शरणागती. तक्रार-अर्जासारखं ते पत्र आहे. युद्धाच्या तिसऱ्या आठवड्यात हा माणूस अजून वाटाघाटी करत होता, कारण त्याला तेच येत होतं.

सिबलीने उत्तर दिलं, आधी कैदी सोड. १२ सप्टेंबरच्या दुसऱ्या पत्रात सूर उतरलेला आहे. मडेवाकांटनांकडे १५५ कैदी आहेत, ते आमच्या मुलांसारखेच राहताहेत, माझ्या लोकांसाठी तह कसा करता येईल ते मित्र म्हणून सांग. दरम्यान वाबाशा आणि ताओपी या पुढाऱ्यांनीही सिबलीला गुपचूप पत्र धाडलं होतं. आपण तुझ्या बाजूचे आहोत, कैदी तुझ्या हाती देऊ. म्हणजे टाओयाटेडूटाकडे उरलेला एकमेव हुकमाचा पत्ता त्याच्या मागून काढून घेतला जात होता, आणि सिबलीला ते ठाऊक होतं. त्याने कैदी का सोडले नाहीत, असं विचारतात. मला वाटतं सोडले असते तर त्याच्या हाती काहीच उरलं नसतं. न सोडल्यानेही काही उरलं नाही. कैद्यांतल्या बायकामुलांच्या बाजूने पाहिलं तर मात्र हा हिशेब हिडीस दिसतो, आणि तसा तो होताच.

९ सप्टेंबरला गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्सेने विधिमंडळात जाहीर केलं होतं की सू, म्हणजे दाकोता, लोकांचा नायनाट झाला पाहिजे, नाहीतर त्यांना राज्याच्या हद्दीबाहेर कायमचं हाकललं पाहिजे. १८५१चे करार दाकोतांकडून लिहून घेणारा सरकारी अधिकारी हाच रॅम्से. म्हणजे तहाची पत्रं लिहिली जात होती तेव्हा तहाला गिऱ्हाईकच नव्हतं.

शेवटची लढाई २३ सप्टेंबरला वुड लेकपाशी झाली. टाओयाटेडूटाला रात्री छावणीवर तुटून पडायचं होतं. सभेत तेही मोडलं गेलं. पहाटे गवतात दबा धरून बसायचं ठरलं, आणि काही सैनिक गाड्या घेऊन बटाटे खणायला निघाले तेव्हा दबा वेळेआधीच उघडा पडला. मानकाटो हा लढवय्या पुढारी तोफगोळ्याने मेला. लढाई चालू असतानाच मागे छावणीत शांतता-गटाने बहुतेक कैदी आपल्या तंबूंत हलवले. दुसऱ्या दिवशी टाओयाटेडूटा संतापून, आपल्यातल्याच फितुरांना दोष देत पश्चिमेला निघून गेला. २६ तारखेला सिबलीने २६९ कैदी ताब्यात घेतले.

त्यानंतर

मागे राहिले ते बहुतेक शरण आलेले. लष्करी आयोगाने ३९२ जणांवर खटले चालवले, काही दिवशी तर एका दिवसात चाळीसच्या वर. वकील नव्हते. ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने कागद मागवून घेतले आणि यादी ३९वर आणली, त्यांतला एक पुढे वगळला गेला. २६ डिसेंबर १८६२ला मानकाटो गावात ३८ जणांना एकाच चौथऱ्यावर फाशी दिली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. त्याच हिवाळ्यात सोळाशेच्या वर बायका, मुलं, म्हातारी फोर्ट स्नेलिंगखालच्या कुंपणात होती. त्यांतली कित्येक तिथेच रोगाने गेली.

'तुमच्याबरोबर मरेन' म्हणणारा त्या चौथऱ्यावर नव्हता. हे त्याच्या बाजूने लिहिणारे भराभर ओलांडून जातात. पण त्यालाही सुख लागलं नाही. १८६३च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो ब्रिटिश हद्दीत फोर्ट गॅरीला, म्हणजे आजच्या विनिपेगला गेला. १८१२च्या युद्धात आजोबा ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते, त्या जुन्या नात्याची आठवण देऊन त्याने दारूगोळा मागितला. तो मिळाला नाही. मग मोजक्या माणसांसह तो मिनेसोटात परतला, घोडे चोरायला. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या भेटीला गेलेला माणूस.

३ जुलै १८६३ला हचिन्सन गावाजवळ तो सोळा वर्षांच्या वोविनापेबरोबर रासबेरी तोडत होता. नेथन लॅमसन आणि त्याचा मुलगा चॉन्सी यांनी त्यांना पाहिलं. गोळीबार झाला, टाओयाटेडूटा पडला. वोविनापेने बापाच्या पायांत नवी मोकासिनं, म्हणजे कातडी पादत्राणं, घातली, त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि तो निसटला. गावाने ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, ते प्रेत रस्त्यातून फरफटत नेलं, नाकाकानांत फटाके लावले आणि शेवटी कत्तलखान्याच्या घाणीत टाकलं. तेव्हा तो कोण हे गावाला नक्की ठाऊक नव्हतं. काही आठवड्यांनी वोविनापे पकडला गेला, त्याने सांगितलं, आणि मग हाडं तपासून खात्री केली गेली. ओळख पटली ती वाकड्या मनगटांवरून. विधिमंडळाने नेथन लॅमसनला ५०० डॉलर दिले.

वोविनापेलाही फाशी सुनावली होती, ती पुढे माफ झाली. थॉमस वेकमन या नावाने तो जगला. बापाची कवटी आणि हाडं मिनेसोटाच्या इतिहास संस्थेत गेली आणि १९१५पर्यंत लोकांना पाहायला मांडलेली होती. नंतर ती कपाटात राहिली. १९७१मध्ये ती वेकमन घराण्याकडे दिली गेली आणि दक्षिण डकोटातल्या एका गावात, दाकोतांच्या दफनभूमीत पुरली. ते गाव हद्दपारीनंतर परत उभं राहू पाहणाऱ्या ख्रिस्ती दाकोता कुटुंबांनी १८६९मध्ये वसवलं होतं. गावाचं नाव फ्लँड्रो. न्यू उल्म वाचवणाऱ्या त्या एजंटाच्या नावावरून पडलेलं.